बॅकअपची चावी: कुठे ठेवायची, कशी तपासायची, कधी बदलायची

बॅकअप एन्क्रिप्ट करणं, म्हणजे चावीशिवाय वाचता येणार नाही असा बंद करणं, आता इतकं सोपं झालंय की एक टिक मारा, पासवर्ड टाका, झालं काम. आणि नेमकी इथेच लोकं चुकतात, कारण बॅकअप आधी चालू होतो आणि चावी कुठे ठेवायची हा विचार नंतर होतो, म्हणजे बहुतेक वेळा सर्व्हर बसल्यावरच. तोपर्यंत चावी असते कुठे, तर त्याच सर्व्हरवर. डिस्क गेली की चावी पण गेली, आणि क्लाउडवर रोज रात्री इमानदारीत चढलेला तो सगळा डेटा कोणालाच उघडता येत नाही, टूल बनवणाऱ्यांना पण नाही.

चावी सांभाळताना दोन गोष्टी एकाच वेळी साधायच्या असतात. सर्व्हर गेला तरी चावी हाताशी पाहिजे, आणि सर्व्हरमध्ये कोणी घुसला तर त्याच्या हाताला ती लागायला नको, निदान तिच्या जोरावर जुने बॅकअप तरी त्याला पुसता यायला नकोत. खालचा क्रम यासाठीच असा लावलाय, त्यामुळे टप्पे वरखाली करू नका.

उदाहरण म्हणून अंधेरी एमआयडीसीतल्या गाळ्यात असतं तसं एक छोटं ऑफिस धरू. एक लिनक्स सर्व्हर, एक सिनॉलॉजी कंपनीचा नॅस (नेटवर्कवर फाइल साठवायचा डबा), आणि एक कॉपी अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर, मुंबई रिजनमध्ये, म्हणजे तिथल्या डेटा सेंटरात.

## टप्पा १: आधी कागदावर यादी

टूल नंतर, आधी यादी. प्रत्येक बॅकअपसाठी एक ओळ लिहा: डेटा कुठला, टूल कुठलं, बॅकअप पडतो कुठे, उघडायला काय काय लागतं, ते आत्ता कुठे आहे, आणि कोणाकोणाला माहितीये.

"उघडायला काय काय लागतं" हा रकाना लोकं एका शब्दात भरतात, "पासवर्ड". तिथे जरा थांबा, कारण चाव्या एकात एक अडकलेल्या असतात. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर टीडीई (अख्खा डेटाबेस आपोआप एन्क्रिप्ट करायची सोय) चालू असेल तर बॅकअप फाइल आतून पण एन्क्रिप्टेड असते, आणि दुसऱ्या मशीनवर रिस्टोर करायला ते सर्टिफिकेट आणि त्याची प्रायव्हेट की दोन्ही लागतात, नुसता एसए या मुख्य युजरचा पासवर्ड असून काही होत नाही. टॅलीत टॅलीव्हॉल्ट (कंपनीचा डेटा पासवर्डने बंद करायची सोय) लावलेला असेल तर तो पासवर्ड विसरल्यावर परत मिळत नाही, बॅकअप कितीही चांगला असो. सिनॉलॉजीच्या हायपर बॅकअपमध्ये एन्क्रिप्शन चालू करताना एक पेम फाइल (चावीची फाइल) आपोआप डाउनलोड होते, ती पासवर्ड हरवला तर कामाला येते, पण ती पडून असते ज्याने सेटअप केला त्याच्या लॅपटॉपच्या डाउनलोड्समध्ये, आणि तो लॅपटॉप केव्हाच फॉरमॅट झालेला असतो.

मग साखळी बघा. पासवर्ड मॅनेजर स्वतःच होस्ट केलाय आणि तो ज्या सर्व्हरवर आहे त्याचाच बॅकअप उघडायचा पासवर्ड त्यात आहे, हे भरपूर ठिकाणी दिसतं. दुसरा प्रकार म्हणजे क्लाउडचं लॉगिन आहे पण ओटीपी जातो सोडून गेलेल्या माणसाच्या सिमवर.

तपासणी: प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारा, ऑफिसमधलं एकही मशीन नाहीये, आता ही गोष्ट मी कुठून आणणार? ज्या ओळीला उत्तर नाही तिथे लाल खूण करा, पुढचं काम तिथूनच सुरू करायचं.

## टप्पा २: चावी बनवणं

रेस्टिक किंवा बोर्ग ही बॅकअपची टूल्स वापरत असाल तर एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून घ्या. डेटा तुमच्या पासफ्रेजने (बऱ्याच शब्दांच्या लांब पासवर्डने) थेट एन्क्रिप्ट होत नाही. टूल स्वतः एक मास्टर चावी बनवतं, डेटा त्या चावीने बंद होतो, आणि तुमची पासफ्रेज फक्त त्या मास्टर चावीला झाकते. रेस्टिकमध्ये ती झाकलेली चावी रेपोच्या (बॅकअप जिथे साठतो त्या जागेच्या) कीज फोल्डरमध्ये बसते. बोर्गमध्ये रेपोकी मोड असेल तर रेपोच्या कॉन्फिग फाइलमध्ये, आणि कीफाइल मोड असेल तर फक्त सर्व्हरवर, युजरच्या होम डिरेक्टरीत. म्हणजे कीफाइल मोडमध्ये पासफ्रेज तोंडपाठ असली तरी ती फाइल नसेल तर काहीच उघडत नाही. रेपोकीमध्ये पण रेपोची ती कॉन्फिग फाइल खराब झाली तर तीच गत, म्हणून बोर्गची की एक्स्पोर्ट कमांड दोन्ही मोडमध्ये मारायचीच, आणि रेस्टिकवाल्यांनी कीज फोल्डरची एक कॉपी वेगळी काढून ठेवायची.

पासफ्रेज स्वतः सुचवू नका, कंपनीचं नाव आणि पुढे साल तर नकोच नको. फासे टाकून शब्द निवडायच्या याद्या मिळतात, तिच्यातून शब्द काढा. ७७७६ शब्दांच्या यादीतून रँडम ७ शब्द काढले की जवळपास ९० बिट्स (ओळखायला किती कठीण याचं माप) होतात, तेवढे पुरे आहेत. शब्द असलेले बरे पडतात कारण कधीतरी कोणीतरी ते कागदावरून बघून घाईत टाइप करणार आहे, आणि तिथे शून्य का ओ, एक का एल असा घोळ नको.

आता एक बारीक चूक जी फार त्रास देते. पासफ्रेज इको कमांडने फाइलमध्ये टाकली की शेवटी एक न्यूलाइन (न दिसणारा एंटर) चिकटते. क्रिप्टसेटअप या डिस्क एन्क्रिप्ट करायच्या टूलला ती फाइल कीफाइल म्हणून दिली तर ती न्यूलाइन पण चावीचाच भाग धरली जाते. फाइलने डिस्क उघडत राहते, सगळं छान चाललंय असं वाटतं, आणि ज्या दिवशी फाइल नसते आणि माणूस हाताने टाइप करतो त्या दिवशी "चुकीची पासफ्रेज" येतं. म्हणून इकोच्या जागी प्रिंटएफ कमांड वापरा आणि हाताने टाइप करून एकदा उघडून बघा.

सावध: पासफ्रेज व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. ती सगळ्यांच्या फोनमध्ये राहते हे आहेच, शिवाय मोबाइलचा कीबोर्ड पहिलं अक्षर कॅपिटल करतो, शब्द "सुधारतो", आणि मग ही चावी नक्की कशी होती यावर भांडणं होतात.

रोजचे डेटाबेस डंप (डेटाबेसची एका फाइलमधली कॉपी) वेगळे घेत असाल तर एज हे टूल बघा. त्यात पब्लिक आणि सिक्रेट अशा दोन चाव्या असतात, सर्व्हरवर फक्त पब्लिक ठेवायची, तिने बंद करता येतं पण उघडता येत नाही. सर्व्हर हॅक झाला तरी जुने डंप कोणाला वाचता येणार नाहीत. एकाच वेळी दोन-तीन पब्लिक चाव्यांसाठी एन्क्रिप्ट करता येतं, त्यामुळे मालकाची एक आणि अ‍ॅडमिनची एक असं ठेवता येतं. मात्र डुप्लिकेट डेटा वगळण्याची सोय त्यात नाही, दर वेळी पूर्ण फाइल जाते, सो मोठ्या फाइल सर्व्हरला ते परवडत नाही.

## टप्पा ३: पहिल्या बॅकअपच्या आधी कॉप्या

परत लिहितो, आधी. बॅकअप चालू झाला की सगळे दुसऱ्या कामाला लागतात आणि हे राहून जातं ते राहूनच जातं.

कॉप्या तीन. एक पासवर्ड मॅनेजरमध्ये, जो या सर्व्हरवर चालत नाही. दोन कागदावर, दोन वेगळ्या ठिकाणी, आणि त्यातलं एक ठिकाण ऑफिसच्या इमारतीबाहेर. मालकाच्या घरचं कपाट चालेल, बँकेचा लॉकर चालेल, फक्त लॉकर रविवारी आणि सुट्टीला उघडत नाही हे लक्षात ठेवून दुसरं पाकीट कुठे ठेवायचं ते ठरवा. दोन्ही जागा एकाच सखल भागात नकोत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला होता, कुर्ला, कलिना, साकीनाका सगळीकडे तळमजले पाण्यात होते. ऑफिस कलिन्याला आणि पाकीट कुर्ल्याच्या तळमजल्यावर हे दोन ठिकाणं नाहीत, एकच ठिकाण आहे.

कागद साधा, लेझर प्रिंट किंवा बॉलपेनने हाताने लिहिलेला. इंकजेटची शाई ओल लागली की पसरते आणि थर्मल पेपर तर पांढराफटक पडतो. मुंबईच्या पावसाळ्यात बंद कपाटात सुद्धा कागदाला बुरशी येते, म्हणून झिपलॉकच्या पिशवीत घालून मग पाकिटात. बोर्गचा पेपर एक्स्पोर्ट वापरला तर प्रत्येक ओळीला छोटा चेकसम असतो, परत टाइप करताना ओळ चुकली तर तिथल्या तिथे कळतं, ही सोय खरंच चांगली आहे, वापरा. फक्त हा पेपर खाली सांगितलेल्या पासफ्रेजच्या पाकिटात नको, त्याचं पाकीट वेगळं ठेवा.

प्रिंट स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानातून काढू नका. फाइल त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जाते, त्यांच्या कॉम्प्युटरवर डाउनलोड होते आणि तिथेच राहते. कागदाचा मोबाइलने फोटो पण नको, तो आपोआप क्लाउड गॅलरीत चढतो.

पाकिटात नुसती चावी ठेवली तर ती अर्धीच माहिती झाली. एका पाकिटात हे सगळं हवं:

- बॅकअपचा पूर्ण पत्ता, म्हणजे बकेटचं (क्लाउडवरच्या साठ्याच्या जागेचं) नाव, रिजन, फोल्डर
- टूलचं नाव, व्हर्जन, आणि रिस्टोरची कमांड जशीच्या तशी
- चावी किंवा पासफ्रेज, आणि ती कधीपासून लागू आहे ती तारीख
- क्लाउड अकाउंट कोणाच्या नावावर, ओटीपी कुठल्या नंबरवर, रिकव्हरी कोड कुठे
- आतल्या चाव्या असतील तर त्या, म्हणजे सर्टिफिकेट, टॅलीव्हॉल्ट वगैरे

व्हर्जन का, तर ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या टूलचं उदाहरण घ्या. १.१.० व्हर्जनपासून पासवर्डवरून चावी बनवताना वापरायचं डीफॉल्ट डायजेस्ट (गणिती पद्धत) एमडी५ वरून शा-२५६ झालं. जुन्या मशीनवर एन्क्रिप्ट केलेली फाइल नव्या मशीनवर बरोबर पासवर्ड टाकून पण उघडत नाही, "बॅड डिक्रिप्ट" येतं, आणि माणूस समजतो पासवर्डच चुकीचा आहे. कमांडमध्ये एमडी५ सांगितलं की तीच फाइल उघडते. हे पाकिटात लिहिलेलं असेल तर पाच मिनिटांचं काम, नसेल तर दोन दिवस जातात.

तपासणी: पाकीट बंद करायच्या आधी दुसऱ्या माणसाला कागद द्या आणि बघून पासफ्रेज टाइप करायला सांगा. तुमचं अक्षर तुम्हाला वाचता येतं हा पुरावा नाही. मग पाकीट चिकटवून जोडावर सही आणि तारीख.

## टप्पा ४: सर्व्हरवर चावी ठेवणं

रात्री बॅकअप आपोआप चालायचा तर पासफ्रेज सर्व्हरवर कुठेतरी असणारच, त्याला इलाज नाही. ती कुठे नसावी ते बघा. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये नको, कारण स्क्रिप्ट गिटमध्ये (कोडचे सगळे बदल जपणाऱ्या टूलमध्ये) जाते आणि गिटच्या हिस्टरीतून काही जात नाही. कमांडच्या ओळीत नको, पीएस (चालू कमांडची यादी दाखवणारी कमांड) मारलं की मशीनवरच्या बाकी युजरना पण दिसते. वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, मालक रूट, परमिशन ०४०० (फक्त मालकाला वाचता येईल अशी), आणि टूलला त्या फाइलचा रस्ता द्या. सिस्टिमडी (लिनक्सवर सेवा चालू करणारी व्यवस्था) वापरत असाल तर त्यातला लोड क्रेडेन्शियल पर्याय बघा, अजून नीट होतं.

आरक्लोन या क्लाउडवर फाइल पाठवायच्या टूलचा क्रिप्ट रिमोट (एन्क्रिप्ट करून पाठवायची सोय) वापरणाऱ्यांसाठी खास: कॉन्फिग फाइलमध्ये पासवर्ड गिचमिड अक्षरांत दिसतो म्हणून तो सुरक्षित आहे असं समजू नका, ते एन्क्रिप्शन नाहीये, नुसतं झाकलंय, कोणीही उलटं करू शकतो. कॉन्फिगवर वेगळा पासवर्ड लावता येतो, तो लावा. आणि सॉल्टसाठी (चावी बनवताना मिसळायच्या जादा अक्षरांसाठी) दुसरा पासवर्ड दिला असेल तर पाकिटात दोन्ही पाहिजेत.

घुसखोराला सर्व्हरवर चावी सापडणारच असं धरून चाला आणि त्याला जुने बॅकअप पुसता येणार नाहीत याची सोय करा. बोर्ग सर्व्हला अपेंड ओन्ली (फक्त भर घालता येते, पुसता येत नाही) लावा, रेस्टिकच्या रेस्ट सर्व्हरला पण तो पर्याय आहे, आणि एसथ्री या क्लाउड स्टोरेजवर ऑब्जेक्ट लॉक. जुने बॅकअप छाटायचं काम दुसऱ्या मशीनवरून, वेगळ्या लॉगिनने.

सावध: सर्व्हरचा बॅकअप घेताना चावीची फाइल पण त्या बॅकअपमध्ये गेलीये म्हणून ती सुरक्षित आहे असं नसतं, ती आत बंद आहे आणि ते उघडायला तीच लागते.

## टप्पा ५: फक्त पाकीट घेऊन रिस्टोर

हा टप्पा सगळ्यात जास्त टाळला जातो, आणि केला तरी चुकीचा केला जातो. लोकं त्याच सर्व्हरवर एक फाइल रिस्टोर करून बघतात आणि खूष होतात. तिथे चावी होतीच, कॉन्फिग होतं, क्लाउडचं लॉगिन सेव्ह होतं. तपासलं काय, तर काहीच नाही.

नियम असे. कोरा लॅपटॉप किंवा नवीन व्हर्च्युअल मशीन घ्या. जुन्या सर्व्हरवर एसएसएच (दुरून लॉगिन) करायचं नाही, कॉपी पेस्ट नाही, ज्याने सेटअप केला त्याने हात लावायचा नाही, बाजूला बसून फक्त लिहून घ्यायचं. दुसऱ्याने पाकीट उघडायचं आणि त्यात जे लिहिलंय तेवढ्यावर काम करायचं. तो जिथे अडकेल, "हा ओटीपी कोणाला गेला?", "यातली अ‍ॅक्सेस की कुठली?", ते सगळं टिपून ठेवा, पाकिटात कमी आहे ते हेच.

फाइल आली म्हणजे संपलं असं नाही, ती उघडून बघा. डेटाबेस असेल तर तो चालू करून शेवटची एंट्री कुठल्या तारखेची आहे ते बघा, अकाउंटवाल्यांना बोलवून त्यांच्याकडून एक व्हाउचर तपासून घ्या. रेस्टिकमध्ये चेक मारताना रीड डेटा सबसेट द्या, नाहीतर साधा चेक प्रत्यक्ष डेटा वाचत नाही.

काम झाल्यावर ते मशीन पुसा आणि सुधारलेली पाकिटं परत बंद करा, दोन्ही. एकच बदललं आणि दुसरं राहिलं असं फार होतं.

## टप्पा ६: क्लाउडची चावी असेल तर

अ‍ॅमेझॉनच्या केएमएस या चाव्या सांभाळणाऱ्या सेवेत चावी तुमच्या हातात येतच नाही, त्यामुळे पाकिटात जाते ती अकाउंटची माहिती. दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, चावी रिजनपुरती असते. बॅकअप मुंबईत आणि कॉपी हैदराबाद रिजनला असं ठरवलं असेल तर तिकडची कॉपी तिकडच्या चावीने बंद करायची असते, किंवा मल्टी रिजन चावी पहिल्यापासून तशीच बनवावी लागते, नंतर साध्या चावीचं मल्टी रिजन करता येत नाही. दुसरं, डिलीट. चावी लगेच जात नाही, ७ ते ३० दिवसांची मुदत असते, पण ती संपली की त्या चावीने बंद केलेलं सगळं कायमचं गेलं. म्हणून चावी नको असेल तर आधी डिसेबल करा, वाट बघा, कोणी ओरडतंय का ते बघा. आणि बॅकअप एका अकाउंटमध्ये, चावी दुसऱ्या, हे शक्य असेल तर कराच, म्हणजे एकाच अ‍ॅडमिनचं लॉगिन चोरून दोन्ही उडवता येणार नाही.

## टप्पा ७: चावी बदलणं

क्रम असा, आणि हाच: नवीन पासफ्रेज जोडा, नवीनने उघडून बघा, सर्व्हरवरची फाइल बदला, एक रात्र बॅकअप चालू द्या, दोन्ही पाकिटं आणि पासवर्ड मॅनेजर बदला, आणि मग सगळ्यात शेवटी जुनी काढा. रेस्टिकमध्ये एका रेपोला अनेक पासवर्ड चालतात त्यामुळे हे आरामात होतं. बोर्गमध्ये पासफ्रेज थेट बदलली जाते, तिथे बदलल्यावर की एक्स्पोर्ट परत करायचा.

आता मोठा गैरसमज. पासफ्रेज बदलली म्हणजे मास्टर चावी बदलली असं नाही. तिजोरीची चावी ज्या डबीत होती त्या डबीचं कुलूप तुम्ही बदललं, तिजोरी तीच आणि तिची चावी पण तीच. कोणाकडे जुनी पासफ्रेज आणि जुनी झाकलेली चावी दोन्ही असतील तर त्याला आजपण डेटा उघडता येतो. साधा रूटीन बदल असेल तर चालून जातं. पण खरंच गळती झाली असेल, सर्व्हर हॅक झाला असेल, तर नवीन रेपो बनवा, नवीन मास्टर चावी, आणि लागतील ते स्नॅपशॉट (त्या त्या वेळचे बॅकअप) रेस्टिकच्या कॉपी कमांडने तिकडे न्या.

जुनी चावी फेकायची कधी, तर तिने बंद केलेला शेवटचा बॅकअप मुदत संपून पुसला गेल्यावर. त्याआधी अजिबात नाही. कंपनी कायद्यात हिशोबाची पुस्तकं किमान ८ आर्थिक वर्षं जपायची अट आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीपासून इलेक्ट्रॉनिक हिशोबाचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. म्हणजे वर्षाअखेरचा जो बॅकअप बाजूला काढून ठेवलाय त्याची चावी पण तेवढीच वर्षं सांभाळायची. प्रत्येक चावीवर "कधीपासून कधीपर्यंत" लिहिलेलं असेल तरच हे जमतं.

## टप्पा ८: माणसं आणि कॅलेंडर

कोणी नोटीस दिली की शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. नोटीस पिरियडमध्येच टप्पा ५ परत करा, त्याच्या जागी येणाऱ्या माणसाच्या हातून. शेवटच्या दिवशी टप्पा ७, आणि ओटीपीचा नंबर व ईमेल कंपनीच्या नावावर आहेत का ते बघा.

मे महिन्याच्या शेवटी, पावसाच्या आधी, दोन्ही पाकिटं हातात घेऊन बघा, ओल लागलीये का, सील शाबूत आहे का. दिवाळीनंतर पूर्ण रिस्टोर. एवढ्या दोन तारखा कॅलेंडरला लावल्या तरी छोट्या ऑफिसला पुरतं.

## चावी सापडत नाही आणि सर्व्हर अजून चालू आहे

मग सर्व्हर रीबूट करू नका. एन्क्रिप्टेड डिस्क उघडलेली असेल तर तिची चावी आत्ता मेमरीत आहे, बंद केलं की गेली. आधी तो डेटा साधा कॉपी करून बाहेर काढा. रेस्टिक रात्री अजून चालतंय म्हणजे पासवर्ड त्या मशीनवर कुठेतरी आहेच, क्रॉन (ठरल्या वेळी कमांड चालवणारं टूल), सिस्टिमडीची युनिट फाइल, रूटचं होम फोल्डर शोधा, आणि सापडल्याबरोबर की अ‍ॅडने नवीन पासवर्ड जोडा. बोर्ग असेल तर तिथूनच की एक्स्पोर्ट.

काहीच सापडलं नाही तर आजच नवीन चावीने नवीन रेपो चालू करा, टप्पा १ पासून. जुना रेपो मात्र पुसू नका, जागेचे पैसे भरत राहा काही महिने, आणि आधीच्या अ‍ॅडमिनला फोन करा, जुने लॅपटॉप बघा, सेटअपच्या दिवसातले ईमेल चाळा.